घाला

मस्कतच्या कडेला ही वस्ती, तिचं नाव घाला.
नवा आलो तेव्हा पाटी वाचून हसू यायचं:
आपल्या भाषेत हे अर्धंच वाक्य.
पाणी घाला. जेवू घाला. पांघरूण घाला.
काय घालायचं ते पाटी सांगत नाही,
कुणाला, तेही नाही.

मी निळा टँकर चालवतो, गोड्या पाण्याचा.
टँकरची वाट बघणाऱ्या गावात वाढलो,
आता लोक माझी वाट बघतात.
समुद्र इथे यंत्रात शिरतो खारट
आणि निघतो पिण्याजोगा.
स्वतःहून गोड झालेला थेंब
चौदा वर्षांत मला भेटलेला नाही.
हे मी एकदा प्रार्थनेत म्हणालो. लोकांनी आमेन म्हटलं,
आणि मला वाटलं, छान बोलतो मी.

ओबेद रणदिवेचा टँकर पिवळा.
पिवळ्यात काय असतं ते इथल्या पोरांनाही ठाऊक.
कामगारांच्या छावण्यांचे हौद उपसून
तो शहराबाहेर नेऊन ओततो.
उपासनेला येतो दोनदा अंघोळ करून, अत्तर लावून,
तरी बसतो शेवटच्या रांगेत, दारापाशी.
खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे.
त्याच्या शेजारची एक रिकामी राहते.
राहते कसली, मीच ठेवतो.

माझ्या आजोबांना गावच्या विहिरीपासून लांब थांबवत,
वरून ओंजळीत पाणी ओतत.
तीच तहान त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत घेऊन गेली.
त्यांचा नातू मी.

गुरुवारची रात्र, उत्तम शुक्रवारच्या आदली.
हॉल क्रमांक तीन साडेसात ते नऊ आपला,
नऊला तमिळ मंडळी दारात.
पाळक वडागळे म्हणाले, आज पाय धुवायचे, बारा जण बसा.
घमेलं प्लास्टिकचं, पाणी माझ्या टँकरचं.
मी पहिल्या खुर्चीत.
धुणार कोण, असं विचारल्यावर
सगळे आपापल्या शुभवर्तमानात बघू लागले.
मागून, दारापासून, चपला काढल्याचा आवाज आला.

ओबेदने बाह्या सारल्या, गुडघे टेकले.
मी पाय मागे घेतला.
पेत्राने घेतला तो संकोचाने,
मी त्या हातांकडे बघून.
"पाणी कोमट आहे, भाऊ," तो म्हणाला.
एवढंच.
मग टाचेच्या भेगेतून अंगठा फिरवला,
बोटांच्या बेचक्यांतली रेती काढली,
हौदाच्या तळाशी काही राहू नये
इतक्या निगुतीनं.
अत्तराखालून मला वास आला खरा.
त्याचा की माझा, कळेना.

जुनी माणसं म्हणत, काळाचा घाला पडतो.
कृपेचाही पडतो.
बेसावध गाठते,
आणि आपण मोठ्या निगराणीने मांडलेली
ती रिकामी खुर्ची
उचलून नेते.

पावणेनऊला त्याचा फोन वाजला.
छावणीतला हौद भरून वाहतोय, सहाशे माणसं, लगेच ये.
पाळकांचं प्रवचन त्यामुळे राहिलंच,
विषय होता मंडळीचं पाचारण, तीन मुद्दे.
ओबेदने टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला आणि तो गेला.
अकरा जण मोजे काढून तसेच बसलेले.
मी घमेलं ओढलं.
पंधरा मिनिटांत अकरा माणसं,
म्हणजे फार काही नीट धुतले नाहीत मी.
मनोरमाबाईंचा डावा पाय तर राहूनच गेला.

फरशी पुसली, तमिळांना किल्ली दिली,
निळा टँकर छावणीकडे वळवला.
उपसल्यावर धुवायला पाणी लागतंच,
हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.
दिव्याखाली पिवळा उभा, त्याच्या शेजारी मी लावला.
ओबेदने पाइप हातात दिला. मी धरला.
नाक दाबलं नाही, असं लिहायला आवडलं असतं.
दाबलं.
तो हसला. झाकण पायाने बाजूला सारून म्हणाला,
"हं. घाला."